जोंधळ्याच्या डब्यातला मोल्डर

शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत शालूबाई दूध तापवायची ते बसलिंगाप्पाच्या आवाजावर. सकाळी चहा झाला की बसलिंगाप्पा खिडकीत बसायचा, फोन तोंडासमोर धरायचा आणि ओरडायचा, "माननीय कुरुंदवाडकर, स्वल्पविराम, आपले कालचे म्हणणे साफ चूक आहे, पूर्णविराम." पहिला पूर्णविराम आला की समोरच्या घरात शालूबाई गॅस बारीक करायची. दुसरा आला की बंद. तिचं दूध कधी उतू गेलं नाही.

ओरडण्याचं कारण साधं होतं. बसलिंगाप्पाची सगळी हयात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून गेली. वाळू ठोकून साचा करायचा, वितळलेलं लोखंड त्यात ओतायचं, निवलं की साचा फोडून आतलं ओतीव काम बाहेर काढायचं. वाळूनं आणि धगीनं त्याच्या बोटांची टोकं अशी जाड झाली होती की फोनच्या काचेला ती बोटं वाटतच नसत. दाबलं तरी फोन ढिम्म. मग रक्षितानं, त्याच्या लेकीनं, त्याला बोलून फोन चालवायला आणि लिहायला शिकवलं. पण भट्टीशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आणि फोनला पेठेतली बोली उमगत नव्हती. त्यामुळे गल्लीत "काय ओ, बरं हाय न्हवं?" म्हणणारा बसलिंगाप्पा फोनपुढं बसला की रेडिओवरच्या बातम्यांसारखा बोलायचा. विरामचिन्हांसकट.

आधी गल्ली हसली, मग तिला सवय झाली. कुणी खिडकीखाली थांबून ऐकायचा आणि जागच्या जागी उत्तर द्यायचा.

"अण्णा, ह्ये तुमचं चुकलं बगा. शहराची हद्दवाढ झाली की खेड्यांनी काय..."

"तोंडानं बोलू नगंस. ग्रुपवर टाक. वाचतो."

"अवो, मी हितं हुबा हाय की!"

"दिसतंय मला. ग्रुपवर टाक."

ग्रुपचं नाव 'खडाखडी'. कुस्तीला भिडण्याआधी पैलवान एकमेकांच्या हाताचा अंदाज घेत राहतात, ती खडाखडी. इथं कुस्ती कधी लागायची नाही, खडाखडीच चालायची. हद्दवाढ व्हावी की नको, महापूर धरणानं येतो की नदीत केलेल्या बांधकामानं, दूध संघाच्या निवडणुकीत कोण कुणाला आतून सामील. जिल्हाभरची माणसं होती. ग्रुप चालवायचा धैर्यशील. गल्लीच्या तोंडाला त्याचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं. त्यानं नियम घालून दिले होते. आईबहिणीवरून शिवी नाही. देवाचा फोटो नाही. कुणाचं खरं नाव-गाव कुणाला सांगायचं नाही. आणि एका नियमाचा त्याला फार अभिमान होता: ग्रुप सोडून गेलेल्याला परत घेतलं जाईल, पण परत येण्याचं कारण द्यावं लागेल. आखाड्यात पुन्हा उतरणारा आधी मातीला हात लावतो, तसं. कारण धैर्यशीलकडं पाठवायचं, तो ते ग्रुपवर मांडायचा. ते खोटं वाटलं तर कुणीही अंगठा खाली दाखवावा. एक जरी अंगठा खाली गेला तर धैर्यशील दार उघडत नसे.

लोक जायचे आणि यायचे. "बायको माहेरी गेली." "सून माहेराहून आली." "गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिरता येत नाही." अशी कारणं चालायची. शाहूवाडीच्या एका माणसानं "समाजप्रबोधनासाठी" असं लिहिलं, तर इतके अंगठे खाली आले की तो महिनाभर बाहेरच होता. शेवटी "दुकानात गिऱ्हाईक नाही" असं लिहिलं तेव्हा आत आला.

बसलिंगाप्पा किती वेळा गेला आणि आला हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. दरवेळी कुरुंदवाडकरामुळं जायचा आणि कुरुंदवाडकरासाठीच यायचा. हे दुसरं मात्र तो कधी बोलला नव्हता.

कुरुंदवाडकर कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. ग्रुपवर तेवढंच नाव होतं, जसं याचं नुसतं 'मोल्डर'. एवढं कळायचं की माणूस वयस्कर आहे, टोचून बोलतो आणि एका बोटानं लिहितो. बसलिंगाप्पानं ओरडून काही पाठवलं की थोड्या वेळानं 'कुरुंदवाडकर लिहीत आहे' अशी ओळ यायची, जायची, पुन्हा यायची. बसलिंगाप्पा त्या ओळीकडं बघत बसायचा. साचा निवायची वाट बघत बसावं तसा. मग उत्तर यायचं, लांबलचक. त्यात त्याच्या प्रत्येक वाक्याचा समाचार घेतलेला असायचा. बाकीचे लोक हसरे चेहरे टाकायचे, हात जोडायचे, कुठून तरी आलेलं पुढं ढकलायचे. त्यात कष्ट नाहीत. कुरुंदवाडकर कष्ट घ्यायचा.

फाउंड्रीत निवलेल्या कामावर हातोडी मारून बघतात. टणक आवाज आला तर काम चांगलं, बद्द आला तर आत चीर आहे. हातोडी न मारताच कुणी "छान झालंय" म्हणालं, तर त्यानं काम बघितलेलं नाही, असं बसलिंगाप्पा समजायचा. घरी आल्यावर मात्र त्याच्या बोलण्यावर कुणी हातोडी मारत नव्हतं. बायको शांतव्वा "व्हय व्हय" म्हणायची आणि भाकरी थापायची. रक्षिता "बरोबर आहे, अप्पा" म्हणायची आणि रक्ततपासणीच्या लॅबमधल्या ड्यूटीला जायची. दोघींचं प्रेम होतं, त्याबद्दल त्याला शंका नव्हती. पण ते काम तपासणं नव्हे.

एके सकाळी तो जोरात होता. विषय महापुराचा. "आपल्या डोक्यात मागच्या पुराचा गाळ अजून तसाच आहे, पूर्णविराम," असं ओरडून त्यानं फोन खाली ठेवला. समोर शालूबाईनं गॅस बारीक केला. रक्षिता डबा भरता भरता थांबली.

"अप्पा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"कुरुंदवाडच्या स्थळाचं."

स्थळ त्याला माहीत होतं. मुलगा वीरेश, बियाणांच्या कंपनीत नोकरीला. लॅबमध्ये रक्त द्यायला आला, सुई बघून चक्कर येऊन पडला, आणि शुद्धीवर आल्यापासून रक्षिताशी बोलतो आहे, इथवर घरात कळलं होतं. आपल्याच समाजातलं घर. वडील इरगोंडा, साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आता घरी. पुढच्या आठवड्यात ते बैठकीला येणार होते.

"त्यांचे वडील तुमच्या ग्रुपवर आहेत," रक्षिता म्हणाली.

"असू द्यात की. तिकडची लई हाईत. कुठलं?"

रक्षितानं त्याच्या हातातल्या फोनकडं बघितलं. "आत्ताच गाळ काढलात बघा त्यांच्या डोक्यातला. ते."

 फोन थरथरला. उत्तर आलं होतं: 'घरातला गाळ मी माणसं न लावता माझ्या हातानं उपसलाय. डोक्यातला बघायचा असेल तर ये, खोरं घेऊन.'

"मोल्डर म्हंजी मी, ह्ये त्यास्नी ठावं हाय?"

"नाही. वीरेशला ठाऊक आहे. त्यानं सांगितलं नाही. अप्पा, त्यांच्या घरात मोल्डरचं नाव काढलं की ताट बाजूला सारतात. सुपारी फुटेपर्यंत तेवढं थांबा. मला इथंच करायचंय लग्न."

तिनं आजवर त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. फीसाठीसुद्धा स्वतः शिकवण्या घेतल्या होत्या.

बसलिंगाप्पानं फोन तोंडासमोर धरला. "मी हा ग्रुप सोडत आहे, पूर्णविराम. वाद घालण्यात अर्थ नाही, पूर्णविराम." ते ऐकून शालूबाईनं बारीक केलेला गॅस बंद केला. त्या दिवशी दूध अर्धवटच तापलं.

शांतव्वाचा नवऱ्याच्या निश्चयावर विश्वास नव्हता. तिनं फोन घेतला आणि जोंधळ्याच्या पत्र्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरला. नवरा आंघोळीला गेला की ती तो काढून चार्ज करायची, गावाकडून कुणाचा फोन यायचा म्हणून, आणि पुन्हा पुरायची. त्यात काय काय येऊन पडलंय ते ती बघत नसे. लिहिणं-वाचणं तिला येत होतं, पण मराठीत चाललेली भांडणं वाचायचा तिला कंटाळा होता. भांडण कानडीत असलं तर तिला मजा वाटायची.

बसलिंगाप्पाला दिवस उरकेना. तो रंकाळ्यावर जाऊन निवृत्त लोकांच्या बाकावर बसून आला. तिथं हद्दवाढीचा विषय काढला तर सगळ्यांनी माना हलवल्या आणि रक्ताच्या तपासणीत साखर किती आली ते एकमेकांना सांगितलं. सलूनमध्ये गेला. सलूनवाला म्हणाला, "तुमचं खरं हाय." मग शेजारच्या खुर्चीतला बरोबर उलट बोलला, तर त्यालाही तेच म्हणाला. गल्लीत तो खिडकीखालून जाणाऱ्यांना थांबवायचा. "बोल. हद्दवाढीवर बोल." तर लोक म्हणायचे, "अण्णा, ग्रुपवर टाकतो की." त्यानंच लावलेली सवय.

शालूबाई दारात येऊन उभी राहिली. "काय ओ अण्णा, आजारी हाय का? चार दीस झालं, दूध रोज उतू जायलंय माजं."

"घड्याळ बगा की."

"घड्याळाला कुठं पूर्णविराम असतोय?"

बैठकीच्या दिवशी शांतव्वानं उप्पीट केलं, शिरा केला. बाहेरच्या खोलीत जाजम अंथरलं. गल्लीतला जाणता माणूस म्हणून धैर्यशीलला बोलावलं होतं. तो पांढरा शर्ट घालून आला आणि पाहुण्यांना नमस्कार करताना इरगोंडाकडं बघून जरा दचकला. त्याच्याकडं सगळ्यांचे नंबर आणि फोटो होते. कोण कुणाच्या समोर बसणार आहे ते त्याला त्याच क्षणी कळलं. पण नियम त्याचाच होता. तो जाजमाच्या मधोमध बसला आणि नखं बघू लागला.

बसलिंगाप्पानं आयुष्यात पहिल्यांदा कुरुंदवाडकराला बघितलं. उंच, वाळका, कानामागं भाजल्याचा जुना डाग. बॉयलरची झळ. बसलिंगाप्पाच्या मनगटावर तसाच होता. मात्र ग्रुपवरचा जोर त्याच्यात कुठं दिसेना. खांदे पडलेले. उप्पीट समोर तसंच.

"जेवणात ध्यान न्हाय ह्येंचं," इरगोंडाचा मेहुणा, वीरेशचा मामा, सारवासारव करत म्हणाला. "धा-बारा दीस झालं, असंच गप असत्यात. लगनाचं काढलं तर म्हणत्यात काय घाई हाय."

वीरेशनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दाराआड रक्षिता होती.

"बरं, बोलून घेऊया," मामा म्हणाला. "तारखेचं कसं करायचं?"

"पावणं म्हणतील तसं," बसलिंगाप्पा म्हणाला.

"न्हाय, तुमी म्हणशीला तसं," इरगोंडा म्हणाला.

"उन्हाळ्यात धरूया?" मामानं विचारलं.

"चालंल."

"का दिवाळीनंतर?"

"त्येबी चालंल."

"लग्न कोल्हापुरात करायचं का कुरुंदवाडला?"

"तुमाला बरं पडंल तितं."

"न्हाय, तुमाला बरं पडंल तितं."

मामाची मान इकडून तिकडं, तिकडून इकडं होत होती. या भागातली बैठक अशी नसते. मुलाकडचे एक म्हणतात, मुलीकडचे दुसरं म्हणतात, कुणी तरी रुसून उठायला निघतं, त्याला हाताला धरून बसवतात, मग कुठं सुपारी फुटते. मामानं आजवर डझनावारी बैठका केल्या होत्या. इतकी गोड बैठक त्यानं बघितली नव्हती.

"अवो, कुणी तरी न्हाय म्हणा की!" तो शेवटी ओरडला. "न्हाय म्हटल्याबिगार बैठक व्हनार कशी?"

दोघांनी एकमेकांपुढं शिऱ्याची ताटली सरकवली.

मामा इरगोंडाच्या कानाशी लागला. हळू बोलल्यासारखं त्यानं केलं, पण कोल्हापूरकडच्या माणसाचं हळू बोलणं शेजारच्या घरात ऐकू जातं. "दाजी, ह्यात काय तरी खोट हाय. एवढं व्हय व्हय कोण म्हणतंय? पोरीचं काय तरी लपवत्यात. चला, उठूया. घरी जाऊन कळवू."

स्वयंपाकघरात वाटी पडली. घरी जाऊन कळवू म्हणजे काय ते बसलिंगाप्पाला ठाऊक होतं. आता काही तरी वाकडं बोलावं, तर लेकीला दिलेला शब्द. न बोलावं, तर सोयरीक जाते. 

इरगोंडाचं मामाकडं लक्षच नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका बोटानं हळूहळू काही तरी लिहून दाबलं.

स्वयंपाकघरात जोंधळ्याचा डबा गुरगुरला.

पत्र्याचा मोठा डबा. आत तळाला फोन थरथरला की सगळा जोंधळा हलायचा आणि डब्यातून कुत्रं दबा धरून बसल्यासारखा आवाज यायचा. शांतव्वा लगबगीनं डब्यावर जाऊन बसली.

इरगोंडानं मान वर केली. पुन्हा फोनकडं बघितलं, पुन्हा दाबलं. डबा गुरगुरला. डब्यावर बसलेली शांतव्वाही जरा थरथरली.

तो बॉयलरवरचा माणूस. काटा हलला की का हलला ते बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. थोडं थांबून त्यानं तिसऱ्यांदा दाबलं. गुरगुर. बोट वर धरलं. शांतता. दाबलं. गुरगुर.

तो उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. पाहुण्यानं आत जाणं हा काही रिवाज नव्हे, पण अडवणार कोण? "ताई, उठा जरा," तो म्हणाला. शांतव्वा उठली. त्यानं झाकण काढलं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. जोंधळे जमिनीवर सांडले. हात बाहेर आला तेव्हा त्यात बसलिंगाप्पाचा फोन होता, आणि फोनवर कुरुंदवाडकरानं ग्रुपबाहेर थेट त्याला पाठवलेले, न उघडलेले निरोप.

'मोल्डर, कुठं हैस?' 'उत्तर तयार हाय माझं, तूच न्हाईस.' 'जित्ता हैस न्हवं?' 'गाळाचं लागलं असंल तर लागू दे, मला बी लागलंवतं.' आणि आत्ताचे चार: 'मोल्डर.' 'मोल्डर.' 'मोल्डर.' 'मोल्डर.'

तो बाहेर येऊन उभा राहिला. हातावरच्या केसांत जोंधळ्याचे दाणे अडकले होते.

"मोल्डर तू हैस?"

"व्हय," बसलिंगाप्पा म्हणाला. झालं, संपलं, असं त्याला वाटलं. दारात रक्षिता आली होती. तिच्याकडं बघायची त्याची छाती होईना.

"एकबी उघडला न्हाईस?"

"फोन डब्यात हुता."

"का?"

"मी घातलावता," आतून शांतव्वा म्हणाली. "लेकीचं जमूस्तोवर. साकु झालं मला ह्येंचं भांडान." साकु म्हणजे पुरे. कानडी शब्द आला की शांतव्वाचं ठरलेलं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

इरगोंडा जाजमावर बसला. मांडी घातली. पडलेले खांदे जरा वर आले होते. "धैर्यशीलराव," तो म्हणाला, "ह्याला आत घ्या."

"कारण लागतं," धैर्यशील म्हणाला. 

"लिव्ह म्हणावं."

"अवो दाजी!" मामा उसळला. "सोयरिकीचं चाललंय आपलं!"

"सोयरीक जरा थांबू दे."

"मग तोंडानं बोला की! समोर बसलाय न्हवं त्यो!"

"समोर पावणा बसलाय. पावण्याला वाकडं बोलायचं नसतंय. मला मोल्डरशी बोलायचंय."

ते खरंच होतं. मामानं स्वतःच्या पुढ्यातलं उप्पीट ओढून खायला सुरुवात केली.

बसलिंगाप्पानं फोन तोंडासमोर धरला. "परत येण्याचे कारण, मुलीचे लग्न, पूर्णविराम."

समोरच्या घरातून शालूबाई धावत बाहेर आली. "आले वाटतं अण्णा!" ती दारातच उभी राहिली. तिच्या मागं गल्लीतली आणखी काही माणसं.

धैर्यशीलनं कारण ग्रुपवर टाकलं. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या इरगोंडानं चष्मा वर करून ते वाचलं आणि अंगठा खाली दाखवला. मग लिहिलं, आणि धैर्यशीलनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: 'खोटं. लेकीसाठी ग्रुप सोडलास. लेकीसाठीच परत कसा येशील?'

मामाचा घास तोंडातच राहिला. "ह्ये बाकी बरोबर हाय," तो म्हणाला.

"परत येण्याचे कारण, घरी वेळ जात नाही, पूर्णविराम."

या खेपेला अंगठा दारातून आला. "ह्ये कारण तुमी मागंच दिलतासा," शालूबाई म्हणाली. "एकच कारण दोनदा न्हाय चालत. चहा घेऊ का आलेच हाय तर?"

 खरं कारण बसलिंगाप्पाला ठाऊक होतं. पण ते ग्रुपवर गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. इथं ते बायकोसमोर, लेकीसमोर, गल्लीसमोर ओरडून सांगायचं होतं. हळू सांगायची सोय नव्हती. हळू बोललेलं फोन घेत नव्हता. त्यानं रक्षिताकडं बघितलं. ती मान हलवून म्हणाली, "बोला, अप्पा."

"परत येण्याचे कारण," तो ओरडला, "घरात सगळे मला बरोबर म्हणतात, स्वल्पविराम, कारण त्यांना त्यांची कामे आहेत, पूर्णविराम. त्यात त्यांचा दोष नाही, पूर्णविराम. पण मी बोललो ते कुणी ऐकले का, ते मला कळत नाही, पूर्णविराम. कुरुंदवाडकर मला चूक म्हणतो, स्वल्पविराम, पण चूक म्हणण्याआधी माझे सगळे वाचतो, पूर्णविराम. एका बोटाने एवढे लिहायला किती वेळ लागतो ते मला समोर बसून दिसले, पूर्णविराम. माझ्या कामावर एवढे कष्ट फाउंड्रीच्या मालकानेही घेतले नव्हते, पूर्णविराम."

शांतव्वानं पदराला हात पुसले. "मग सांगायचं न्हाई व्हय," ती पुटपुटली. "मीबी म्हणाली असती की चूक."

धैर्यशीलनं कारण टाकलं. जिल्हाभरातून अंगठे वर येऊ लागले. इरगोंडानं वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्याचा अंगठा वर गेला आणि 'मोल्डर' आत आला.

आत आला तोच इरगोंडानं साठवून ठेवलेलं उत्तर पाठवलं. दहा-बारा दिवसांचं उत्तर. हद्दवाढ, धरण, नदी, दूध संघ, सगळं. बसलिंगाप्पा वाचायला बसला. जाजमावर सगळे त्याच्या वाचून होण्याची वाट बघत राहिले. शिरा गार झाला. त्यानं शेवटचा शब्द वाचला, घसा साफ केला आणि समोरच्या माणसाकडं न बघता फोनमध्ये ओरडला, "माननीय कुरुंदवाडकर, स्वल्पविराम, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चूक, पूर्णविराम."

इरगोंडानं उप्पिटाची ताटली पुढं ओढली आणि खायला लागला. वीरेश रक्षिताकडं बघून हसला. आपल्या बापाला कधीपासून असं जेवताना त्यानं बघितलं नव्हतं.

मग बैठक सुरळीत झाली.

"लग्न उन्हाळ्यात, पूर्णविराम."

'उन्हाळ्यात ऊस तोडून झाल्यावर माणसं थकलेली असतात. दिवाळीनंतर.'

"दिवाळीनंतर हॉल मिळत नाहीत, पूर्णविराम."

'कोल्हापुरात मिळत नसतील. कुरुंदवाडात ये.'

"लग्न कोल्हापुरातच, पूर्णविराम. तुमच्याकडे पुराचा गाळ आहे, पूर्णविराम."

'दिवाळीनंतर कुठला गाळ? खोरं घेऊन ये म्हणून सांगितलंवतं. आला नाहीस.'

ग्रुपही मधे पडला. शाहूवाडीचा म्हणाला दोन्हीकडं नको, आंबा घाटात करा. कुणी म्हणालं, हद्दवाढ होऊ द्या, मग कुरुंदवाडही कोल्हापुरातच येईल, भांडण मिटेल. त्यावर कुरुंदवाडच्या लोकांनी अशी झोड उठवली की लग्न बाजूलाच राहिलं. मामा आलटून पालटून दोघांच्या फोनमध्ये डोकावत होता. "आता कशी बैठक वाटती!" तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "आता कसं!"

तारखेवर दोघं आले. दिवाळीनंतरचा पहिला मुहूर्त. हॉलच्या मुद्द्यावर बसलिंगाप्पानं पडतं घेतलं म्हणून. सुपारी फोडायला शांतव्वा अडकित्ता शोधू लागली, तर बसलिंगाप्पानं फळीवरून आपली फाउंड्रीतली छोटी हातोडी काढली. उंबऱ्यावर सुपारी ठेवली आणि हातोडी इरगोंडापुढं धरली. इरगोंडानं आधी सुपारीवर हळूच एक टिचकी मारून कान लावला. टणक होती. मग दणका दिला. सुपारी फुटली. शालूबाईनं साखर वाटली. ती आपल्याच घरची घेऊन आली होती.

राहिलं लग्नाचं ठिकाण. ते मतदानाला टाकायचं ठरलं. धैर्यशीलनं मतदान लावलं, आणि पेठेतली माणसं जास्त असल्यानं कोल्हापूर जिंकलं. इरगोंडानं निकाल वाचला. चहाचा कप खाली ठेवला. आणि सगळ्यांच्या फोनवर ओळ आली: 'कुरुंदवाडकर यांनी ग्रुप सोडला.'

"दाजी!" मामानं कपाळाला हात लावला. "आत्ता कुठं सुपारी फुटली न्हवं?"

वीरेश घाबरून उठू लागला. बसलिंगाप्पानं त्याला हातानं खाली बसवलं. "बसा ओ. च्या संपूस्तोवर परत येत्यात बगा."

चहा संपला. इरगोंडानं चष्मा कपाळावर सरकवला आणि धैर्यशीलला एक निरोप पाठवला. धैर्यशीलनं तो ग्रुपवर मांडला. परत येण्याचं कारण म्हणून एकच शब्द होता: 'व्याही.'

अंगठे भराभर वर येऊ लागले. कुणी फुलं टाकली. शालूबाईचे डोळे भरले. शांतव्वानं आतून, "बगा, किती चांगलं लिवलंय," असं म्हटलं.

बसलिंगाप्पानं फोन रक्षितापुढं धरला, कारण त्याचं बोट काचेला वाटत नव्हतं. "खाली दाखव."

"अप्पा?"

"दाखव म्हणतो न्हवं." मग तो फोनमध्ये ओरडला, "माननीय व्याही, स्वल्पविराम, एका शब्दात उरकलेत, पूर्णविराम. ह्यात कष्ट नाहीत, पूर्णविराम. नीट लिहा, पूर्णविराम."

समोर बसलेल्या इरगोंडानं ते आधी कानांनी ऐकलं, मग फोनवर येईपर्यंत थांबला, मग वाचलं. त्यानं वीरेशला दिव्याच्या उजेडातून बाजूला सरकायला सांगितलं, पाठ भिंतीला टेकवली आणि एका बोटानं लिहायला सुरुवात केली. शांतव्वानं सांडलेले जोंधळे गोळा केले आणि पाहुण्यांच्या जेवणासाठी पीठ मळायला घेतलं. आता ते लवकर उठत नाहीत, हे तिला दिसत होतं.